पानाड्या पाणी दाखवतो, पुढचं कोण सांगणार?

प्रश्न : ताई, मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय भूशास्त्र. गाव केळापूर तालुक्यात. आमच्या हापशीच्या पाण्यात फ्लोराइड जास्त निघालं म्हणून तिला लाल रंग मारला, तरी उन्हाळ्यात बाया तिथूनच पाणी नेतात. बाबा म्हणतात, "पाणी पाह्यले पानाड्या हाये, त्याले डिग्री काहून लागते?" खराब झालेलं भूजल साफ करण्याच्या कामात पोट भरतं का? पुढे काय शिकू?
– एक विद्यार्थी, जि. यवतमाळ

उत्तर : बाबांना म्हणावं, पाणी कुठं लागेल ते पानाड्या सांगेल. लागलेलं पाणी लेकराला पाजायचं की नाही, ते त्याच्या हातावरचा नारळ सांगत नाही.

पोट भरतं. माझं भरलं. पण तुझ्या हापशीचं दुखणं वेगळं आहे. तिथलं फ्लोराइड कोणी टाकलेलं नाही, ते खडकातल्या खनिजांतून उतरतं. लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत. त्यापुढे आधी दात जातात, मग हाडं. खडक काही धुता येत नाही. तिथे आपलं काम म्हणजे दुसरं पाणी शोधणं, नाहीतर वर आलेलं पाणी गाळणं. नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेने तुरटी आणि चुन्याची नळगोंडा पद्धत काढली, ती चालते. रोज ढवळणार कोण आणि गाळ टाकणार कुठे, इथे गाडी अडते.

तू म्हणतोस ते साफ करण्याचं काम माणसानं केलेल्या घाणीचं. आमच्याकडच्या एका तालुक्याच्या गावी पेट्रोल पंपाची जमिनीखालची टाकी गळत होती. लगतच्या विहिरीला काही नाही, आणि नाल्यापलीकडच्या विहिरीला पेट्रोलचा वास. बैल हौदाला तोंड लावेनात. पंपमालकाचं एकच पालुपद, एवढ्या लांब आमचं पेट्रोल जाईलच कसं? काळ्या पाषाणात पाणी भेगांनी चालतं. भेग नेईल तिकडे पेट्रोल. हे दाखवायला मध्ये निरीक्षणाचे बोअर मारले, प्रत्येकात टेप सोडून पातळी घेतली, पाण्याचा उतार काढला, म्हणजे जमिनीखाली ते कुठल्या दिशेला वाहतं ते. मग दोरीला बांधलेली पारदर्शक नळी बोअरमध्ये सोडून वर ओढली. पाण्यावर बोटभर पेट्रोल. मालकाने ती नळी उन्हाकडे धरून पाहिली आणि नंतर लांबीचा विषय काढला नाही.

पेट्रोल तरंगतं, म्हणून आधी तो थर उपसतात. मग पाणी वर काढून त्यात हवा खेळवतात, पेट्रोलमधलं विषारी बेंझिन उडून जातं. राहिलेलं कार्बनच्या टाकीत अडकतं. कागदावर सोपं वाटतं. पण पावसाळ्यात पाणी चढलं की पेट्रोलही चढतं आणि मुरमाला चिकटतं. दिवाळीनंतर पातळी उतरते, चिकटलेलं तिथेच राहतं, पुढच्या पावसात पुन्हा सुटतं. नमुने चांगले आले म्हणून उपसा थांबवावा, तर काही महिन्यांत बेंझिन परत हजर! तोवर कंत्राट संपलेलं असतं आणि पैसे देणारे फोन उचलत नाहीत. ज्याला महिन्याभरात निकाल हवा, त्याने या वाटेला जाऊ नये.

एम.एस्सी. करच. नागपूर, अमरावती दोन्ही विद्यापीठांत भूशास्त्र आहे. रसायनशास्त्राशी वैर धरू नकोस. आमच्या धंद्यात नुसता दगड ओळखणारा अर्ध्यात अडकतो. केंद्रीय भूजल मंडळात जायचं तर यूपीएससीची भूवैज्ञानिकांची परीक्षा आहे. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा १९७२ पासून आहे, पण जागा निघायची वाट बघत बसू नकोस. खासगी सल्लागारांकडे काम मिळतं, पगार सुरुवातीला बेताचा, फिरणं भरपूर. केंद्राने २०२५ मध्ये दूषित जागांसाठी नियम काढले, ज्याने घाण केली त्याच्याकडून खर्च घ्यायचे. ते नीट लागू झाले तर तुमच्या पिढीला कामाची ददात नाही.

तोवर एक कर. त्या हापशीजवळ उघडी विहीर असेल तर तिचाही नमुना तपासायला दे. खोल बोअरपेक्षा वरच्या विहिरीत फ्लोराइड बरेचदा कमी असतं. बाटली प्लॅस्टिकची घे, काचेची नको, काच फ्लोराइड धरते. आकडा आला की कळव. फिल्टर मागायचा की विहीर दुरुस्त करून घ्यायची, ते त्यावर ठरवू.