विकायच्या आधी वाच

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

ऑनलाइन विक्री शिकवणारा आठ हजारांचा कोर्स घेऊ का, असं विचारलंस. नको घेऊस. यंदा तुमच्या घरी कापूस कसा निघाला ते मला ठाऊक आहे. ते पैसे हळद उकडायला न् दळायला लागतील.

मी हळद ऑनलाइन विकायला लागलो तेव्हा मला नडला तो वाचनाचा कंटाळा. कुरिअरचं दरपत्रक चार पानांचं होतं, मी पहिलं पान पाहून सही ठोकली. एकेक किलोची हळद मोठ्या खोक्यात घालायची, भोवती रद्दी कोंबायची आणि पाठवायची. महिन्याचं बिल आलं तर प्रत्येक पार्सल तीन किलोचं! भांडायच्या तयारीनं कागद काढला, तर तिसऱ्या पानावर सगळं लिहिलेलं. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची, 5000 नं भागायचं. तो आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त भरला तर भाडं त्याचं. माझं खोकं 30 बाय 25 बाय 20. तूच हिशेब करून बघ. चाळीस पार्सलांचं जादा भाडं मी भरलं.

अॅमेझॉननं 1995 साली विक्री सुरू केली ती पुस्तकांची. फ्लिपकार्टनं 2007 साली, तीही पुस्तकांचीच. पुस्तक नासत नाही, आणि पुसदला घ्या की पुण्याला, अक्षर न् अक्षर तेच. हात लावून पाहायची गरज नाही. हळदीचं तसं नाही रे. बाजारात बाई हळकुंड मोडून आतला रंग बघते, नाकाशी नेते. फोनवर तिच्या हातात हळकुंड नसतं, तुझे चार शब्द असतात.

ते चार शब्द तू एआयकडून लिहून घेतलेस. 'शुद्ध सेंद्रिय वायगाव हळद.' जुलैत तुझ्या वावरात युरिया पडला तेव्हा मी धुऱ्यावर उभा होतो. आणि वायगावच्या हळदीला 2016 मध्ये जे भौगोलिक मानांकन मिळालं, ते वर्धा जिल्ह्यातल्या त्या भागाचं. आपण यवतमाळचे. दुसऱ्याच्या गावाचं नाव आपल्या पुडीवर घालायचं नाही. यंत्रानं तुझं वावर पाहिलेलं नाही, तू पाहिलंस. पैनगंगेकाठची काळी जमीन, हळद कधी खणली, किती दिवस वाळवली, कोणत्या महिन्यात दळली, एवढंच लिही. खताचं कुणी विचारलं तर लपवू नकोस. एआय वापरूच नको असं मी म्हणत नाही. इंग्रजी अटी मीही त्याच्याकडून मराठीत समजून घेतो, पण आकडे मूळ कागदाशी ताडूनच.

ग्रामपंचायतीशेजारचं वाचनालय संध्याकाळी उघडं असतं. रोज वीस पानं वाच. शेतीचं वाच, प्रवासाचं वाच, पण गोष्टी जरूर वाच. माणूस बोलतो एक आणि त्याच्या मनात असतं दुसरं, हे मला गोष्टींनी शिकवलं. गेल्या साली नागपूरच्या एका ताईंनी लिहिलं, 'हळद फिकी वाटते.' मी पैसे परत द्यायला निघालो होतो. पुन्हा वाचलं, मग कळलं की त्यांना धास्ती आहे भेसळीची. लिहिलं, 'ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद टाका, ढवळू नका. चांगली हळद खाली बसताना पाणी फिकट पिवळं होतं. रंग मिसळलेला असला तर गर्द पिवळं.' चार दिवसांनी त्यांची पुन्हा ऑर्डर आली, सोबत जावेची आणि शेजारणीचीही.

पार्सल घरी पोचल्यावर पैसे घेण्याची सोय सध्या ठेवू नकोस. परत आलेल्या पार्सलाचं दोन्हीकडचं भाडं तुला झेपणार नाही.

रविवारी घरी ये. कुरिअरचं दरपत्रक आणि तू निवडलेलं खोकं, दोन्ही आण. मोजायचा टेप मी काढून ठेवतो. बाबांना नमस्कार सांग.

तुझा,
काका