गॉड ऑफ वॉर (२०१८): जुनी बोटं नव्या बटणांवर

गॉड ऑफ वॉर या प्लेस्टेशनवरच्या गेमचे जुने भाग खेळून आला आहात ना? मग आधी हे सोडा: स्क्वेअर, ट्रँगलने वार करणं. हलका वार आता आर१, जड वार आर२. स्क्वेअरने क्रेटोसचा (म्हणजे तुमच्या पात्राचा) मुलगा अत्रेयस बाण मारतो, ट्रँगलने फेकलेली कुऱ्हाड परत येते. उडीचं बटणच नाही.

सुरुवातीच्या चुका:

- सतत एल१ (ढाल) धरून ठेवणं. शत्रूचा वार बसण्याच्या क्षणी दाबलंत तरच पॅरी होते, म्हणजे वार ढालीने उलटवला जातो. शत्रूभोवती लाल वलय दिसलं तर ढाल चालत नाही, एक्सने चुकवा. दोनदा दाबलं की लोळण.
- पाठ विसरणं. कॅमेरा खांद्याशी असतो, म्हणून क्रेटोसभोवतीचे बाण बघा. लाल म्हणजे वार येतोय, जांभळा म्हणजे काहीतरी फेकलंय. डी-पॅड खाली दाबलं की झटकन मागे वळता येतं.
- बर्फाळ शत्रूंवर कुऱ्हाड चालवणं. तिथे मुठी वापरा, स्टनही (शत्रू गांगरल्याची पट्टी) लवकर भरतो, मग आर३ (उजवी स्टिक दाबून) शेवटचा वार.

रून अटॅक (शस्त्राचे खास वार) नंतर बघू. आधी पॅरी जमू द्या, नक्की जमेल.