‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला फ्रोडो शेवटच्या क्षणी हरतो, मग तो नायक कसा?

फ्रोडो हरतो हे खरेच आहे, आणि १९५४-५५ मध्ये तीन खंडांत आलेल्या या कादंबरीचे मर्म मला तिथेच दिसते. जी दुष्ट शक्तीची अंगठी आगीत टाकून नष्ट करायला तो निघालेला असतो, ती ज्वालामुखीच्या कड्यावर पोहोचून तो टाकत नाही, उलट बोटात घालतो. ती नष्ट होते ती गॉलमने, म्हणजे पूर्वी ती बाळगलेल्या आणि तिच्या हव्यासाने पछाडलेल्या जीवाने, ते बोटच चावून तोडल्यामुळे आणि तोल जाऊन गॉलम अंगठीसह आगीत पडल्यामुळे. हा योगायोग वाटतो खरा, परंतु गॉलम तोवर जिवंत राहिला तो आधी फ्रोडोचा वडीलधारा नातलग बिल्बो याने व नंतर फ्रोडोने दाखवलेल्या दयेमुळे. आम्हा नाशिककरांना येथे पंचवटी आठवते: तिथे शूर्पणखेच्या कापलेल्या नाकातून युद्ध पेटते, इथे न चालवलेल्या तलवारीतून ते संपते.