विचारा तर खरं : तांदळातलं नाव आणि एन-४००

गेली चौदा वर्षं दर शनिवारी मी आमच्या गावच्या वाचनालयात एका टेबलाशी बसते आणि आपल्या लोकांना अमेरिकेच्या नागरिकत्वाचा अर्ज, म्हणजे एन-४००, समजावून सांगते. मी वकील नाही. वकील लागेल तिथे तसं स्पष्ट सांगते आणि मग कुणाचंच ऐकत नाही. या वेळी तीन पत्रं घेतली आहेत. पहिलं लांब आहे, आणि उत्तर त्याहून लांब.

प्रश्न : ताई, माझं वय ६६. ग्रीन कार्ड मिळून २१ वर्षं झाली. मुलाकडे राहते. दर हिवाळ्यात साडेचार-पाच महिने भारतात जाते. साडेतीन वर्षांपूर्वी तिकडे असतानाच यजमान आजारी पडले आणि गेले, तेव्हा १९६ दिवस राहावं लागलं. कार्डाची मुदत चार महिन्यांत संपते आहे, म्हणून मुलगा म्हणाला, नूतनीकरण कशाला, आता नागरिकत्वच घे. रविवारी तो लॅपटॉप घेऊन बसला, पण पहिल्याच पानावर अडलो. माहेरचं नाव वेगळं, लग्नात बदललेलं वेगळं, पासपोर्टवर तिसरंच. पुढे तारखा आठवेनात. आणि शेवटी विचारतात, देशासाठी शस्त्र उचलाल का! मी आयुष्यात लाटण्याशिवाय काही उचललेलं नाही. इंग्रजी जेमतेम. यजमानांची शेती वारसाने माझ्या नावावर लागली आहे, ती जाईल का? खरं सांगायचं तर अर्ज भरायला हात धजत नाही.
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : आधी मुलाला लॅपटॉपवरून उठवा. रागावून नाही, प्रेमाने. टायपिंग त्याने करावं, पण प्रत्येक ओळ तुमच्या तोंडून यायला हवी. मुलाखतीला अधिकारी हाच अर्ज समोर ठेवून ओळीओळीने विचारतो, आणि समोरच्या खुर्चीत तुम्ही असणार, मुलगा नाही. ‘ते मुलाने भरलं, मला माहीत नाही’ हे वाक्य मी इतक्यांकडून ऐकलं आहे की आता त्यावर हसूही येत नाही. शिवाय दुसऱ्याने अर्ज तयार केला तर त्याचं नाव आणि सही करायला अर्जात वेगळी जागा आहे. ती त्याने भरायची.

आता नावं. अर्जात तुमचं सध्याचं कायदेशीर नाव विचारतात, आणि खाली जन्मापासून वापरलेली इतर सगळी नावं. ‘सगळी’ म्हणजे सगळी. शाळेच्या दाखल्यावरचं, लग्नात तांदळात बोटाने लिहिलेलं, नवऱ्याचं नाव मध्ये घालून पासपोर्टवर आलेलं, आणि पासपोर्टवाल्याने स्पेलिंग चुकवलेलं असेल तर तेही. आमच्या टेबलावर एक काकू आल्या होत्या, त्यांची चार नावं निघाली. त्यांना वाटत होतं, इतकी नावं पाहून आपल्याला लबाड समजतील. उलट आहे. लिहिलेल्या नावाचं कुणाला काही वाटत नाही. न लिहिलेलं नाव एखाद्या जुन्या कागदावर सापडलं की मग प्रश्न निघतात. लग्नाचा दाखला सोबत ठेवा, आणि नावबदलाचं राजपत्र असेल तर तेही.

त्याच भागात आणखी एक चौकोन आहे : या निमित्ताने नाव बदलायचं आहे का? इथे फार लोक मोहात पडतात. नवऱ्याचं मधलं नाव इथल्या कॉम्प्युटरला झेपत नाही, चला काढून टाकू. तुम्ही काढू नका, आणि याचं कारण तुमच्याच पत्रात आहे. सातबाऱ्यावर तुमचं नाव नवऱ्याच्या नावासकट लागलेलं असणार. नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावर जे नाव येईल तेच अमेरिकन पासपोर्टवर आणि तिथून ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारत देतो ते कार्ड) जातं. मग तलाठ्यासमोर उभं राहून ‘ही बाई आणि ती बाई एकच’ हे सिद्ध करत बसायचं. ज्यांना तरीही बदलायचंच आहे त्यांनी एवढं लक्षात ठेवावं : असा बदल न्यायालयातल्या शपथविधीतूनच होतो, आणि त्यासाठी काही ठिकाणी जास्त थांबावं लागतं.

तारखांकडे येते, कारण खरा अर्ज तिथेच आहे. मागच्या पाच वर्षांतला २४ तासांपेक्षा मोठा प्रत्येक परदेशप्रवास लिहायचा असतो. अमेरिका सोडल्याची तारीख आणि अमेरिकेत परतल्याची तारीख. आपली माणसं काय करतात, भारतीय पासपोर्ट उघडतात आणि त्यावरचे शिक्के उतरवतात. पण तो शिक्का भारतात उतरल्याचा असतो, आणि इथून निघून तिथे उतरेपर्यंत दिवस उलटलेला असतो. परतीचीही तीच गंमत. पहाटे दोनचं विमान, मुंबईत इमिग्रेशन रात्री साडेअकराला, म्हणजे शिक्का आदल्या दिवसाचा. अमेरिका तर बाहेर जाताना शिक्का मारतच नाही. तेव्हा शिक्के फक्त अंदाजाला घ्या. खऱ्या तारखा तिकिटांत मिळतील. मुलाच्या ईमेलमध्ये विमान कंपनीचं नाव टाकून शोधा आणि साध्या वहीत तीन रकाने आखा : निघाले, परतले, दिवस.

माझी स्वतःची फजिती सांगते. २००९ साली माझा अर्ज मी आठवणीवर भरला. भारताच्या सगळ्या फेऱ्या बिनचूक. मुलाखतीत अधिकाऱ्याने विचारलं, “कॅनडा?” मी म्हटलं, कधीच नाही. मग माझं मलाच आठवलं, नणंद आली होती तेव्हा नायगारा बघायला पलीकडच्या बाजूला जाऊन दोन रात्री राहिलो होतो. धबधब्याला जाणं म्हणजे परदेशी जाणं हे डोक्यातच आलं नव्हतं! त्याने लाल पेनाने ओळ वाढवली, शेजारी माझी सही घेतली आणि पुढे गेला. निभावलं. पण त्या दोन मिनिटांत तळहाताला सुटलेला घाम अजून आठवतो.

तुमचा हिशेब मी मांडून पाहिला. पाच वर्षं अर्जाच्या तारखेपासून मागे मोजायची, म्हणजे साधारण १,८२६ दिवस. त्यातले निम्मे, ३० महिने, लोक धरतात ते ९१३ दिवस, तुम्ही प्रत्यक्ष अमेरिकेत असायला हव्यात. पत्रासोबतच्या चिठ्ठीतल्या चार फेऱ्या १४२, १३८, १४५ आणि १३१ दिवसांच्या, अधिक ती १९६ ची. एकूण ७५२ दिवस बाहेर, १,०७४ दिवस इथे. शिवाय निघण्याचा आणि परतण्याचा दिवस इथलाच धरतात, म्हणजे थोडे वाढतीलच. इथे तुम्ही सुरक्षित आहात.

काळजी त्या १९६ दिवसांची. सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की इथलं वास्तव्य खंडित झालं असं गृहीत धरतात. वर्षाच्या आतली फेरी असेल तर ते खोडून काढता येतं, वर्ष किंवा जास्त झालं तर खंड पडलाच. तुम्हाला दाखवायचं आहे की घर इथेच होतं : इथल्या बँकेतला व्यवहार, आरोग्य विमा चालू असल्याचा कागद, टॅक्स रिटर्न, मुलाच्या घरच्या पत्त्यावर आलेली तुमच्या नावाची पत्रं. आणि का राहावं लागलं ते : दवाखान्याचे कागद, मृत्यूचा दाखला, आधी काढलेलं परतीचं तिकीट पुढे ढकलल्याचा ईमेल. हा शेवटचा कागद लोक विसरतात आणि मला तो सगळ्यांत बोलका वाटतो. दाखला मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर लागेल, आणि भाषांतर करणाऱ्याने ‘मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर बरोबर आहे’ असं लिहून सही करायची. ही एवढी फाइल मात्र अर्जाआधी एखाद्या इमिग्रेशन वकिलाला दाखवाच.

टॅक्सचा विषय निघालाच आहे तर : ग्रीन कार्ड मिळाल्यावर कधी ‘अनिवासी’ म्हणून रिटर्न भरलं का, किंवा अनिवासी समजून भरलंच नाही का, असं अर्जात विचारतात. भारतातलं भाडं, मुदत ठेवीचं व्याज, पेन्शन हे सगळं इथल्या हिशेबात येतं. हिशेबनिसाला एकदा विचारून घ्या.

इंग्रजीची धास्ती सोडा. वय ६५ च्या वर आणि ग्रीन कार्डाची २० वर्षं, दोन्ही तुमच्याकडे आहे. इंग्रजीची परीक्षा नाही. नागरिकशास्त्राचे प्रश्न मराठीतून, दुभाषा आपण न्यायचा. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांना १२८ प्रश्नांच्या यादीतून २० विचारतात आणि १२ यावे लागतात. तुमच्यासाठी मात्र यादीच २० प्रश्नांची, त्यातले १० विचारणार, ६ आले की झालं. एवढं तर पोथी वाचणाऱ्या बाईला आठवड्याचं काम आहे.

कार्डाच्या मुदतीबद्दल मुलगा बरोबर बोलतो आहे. डिसेंबर २०२२ पासून एन-४०० ची पावतीच जुन्या कार्डाची मुदत २४ महिने वाढवते. फी १ एप्रिल २०२४ पासून ऑनलाइन ७१० डॉलर, कागदी अर्जाला ७६०. भराल त्या दिवशी पुन्हा पाहून घ्या, या आकड्यांचा भरवसा धरू नये.

शस्त्राचं. तुम्हाला कुणी बंदूक देणार नाही. प्रश्न ‘कायद्याने तशी वेळ आणली तर’ असा आहे, आणि त्याच्या जोडीला आणखी दोन आहेत : सैन्यात शस्त्राविना सेवा कराल का, आणि देशाच्या गरजेचं नागरी काम कराल का. धर्मामुळे किंवा मनापासूनच्या श्रद्धेमुळे शस्त्र धरणं जमणार नसेल तर ‘नाही’ लिहायची मुभा आहे, मग ते समजावून सांगावं लागतं आणि शपथेतला तो भाग वगळता येतो. पण नुसती भीती वाटली म्हणून ‘नाही’ लिहू नका. विचार करून खरं ते लिहा.

शेती जात नाही. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, तेव्हा शपथ घेतलीत की भारतीय नागरिकत्व संपलं. पण वारसाने आलेली जमीन ओसीआय धारकाकडे राहू शकते. नवीन शेतजमीन विकत घेता येणार नाही, आणि आहे ती विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. मतदान अर्थात गेलं.

हात धजत नाही म्हणालात, त्यावर माझ्याकडे तोडगा नाही. मी पात्र झाल्यावरही नऊ वर्षं अर्ज कपाटात ठेवला होता. शपथेत परक्या राजाशी, सत्ताधीशाशी, राज्याशी असलेली निष्ठा सोडतो असं म्हणावं लागतं. राजा म्हणताना काही वाटलं नाही, राजेबिजे आपल्याकडे कुठे उरलेत. ‘स्टेट’ या शब्दाला मात्र घसा अडकला. शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी, त्या कुठल्या देशाच्या होत्या देव जाणे, न बोलता टिश्यूचं पाकीट पुढे केलं.

प्रश्न : वय ४१, ग्रीन कार्डाला सहा वर्षं. लायसन्स नूतनीकरणाच्या वेळी स्क्रीनवर काहीतरी ‘हो’ दाबलं गेलं आणि महिन्याने घरी मतदार कार्ड आलं. मी मतदान कधीच केलेलं नाही. अर्जात ‘मतदार म्हणून नोंदणी केली होती का’ याला ‘नाही’ लिहिलं तर चालेल?
— एक वाचक, टेक्सास

उत्तर : चालणार नाही. नोंदणी झाली आहे, उत्तर ‘हो’ आहे. आणि ते लिहिण्याआधी वकील गाठा, कारण स्वतःला नागरिक म्हणवणं हा इथे फार जड आरोप आहे आणि त्या स्क्रीनवर नेमकं काय दाबलं गेलं त्यावर सगळं अवलंबून आहे. वकिलाच्या सल्ल्याने निवडणूक कार्यालयाला लेखी कळवून नाव काढून घ्या, आणि ‘नाव काढलं, मतदान केल्याची नोंद नाही’ असं पत्र मागा. ते कार्ड फाडून टाकू नका, घरात बरेच जण हाच सल्ला देतील.

प्रश्न : मुलाखत झाली, शपथ पुढच्या महिन्यात. त्यानंतर तीन आठवड्यांनी बहिणीच्या लग्नाला भारताची तिकिटं काढली आहेत. जाताना भारतीय पासपोर्ट चालेल ना, अजून चार वर्षं मुदत आहे?
— एक वाचक, इलिनॉय

उत्तर : मुदत चार वर्षं असो की चाळीस, शपथेच्या दिवसापासून त्या पासपोर्टवर प्रवास करणं गुन्हा आहे. ग्रीन कार्ड शपथविधीलाच परत घेतात, म्हणजे तेही हातात नसेल. आधी अमेरिकन पासपोर्ट तातडीच्या फीसह, मग भारताचा व्हिसा. ओसीआयसाठी भारतीय पासपोर्ट जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यावं लागतं, ते तीन आठवड्यांत बसवण्याच्या फंदात पडू नका. जमत असेल तर शपथेची तारीख लग्नानंतरची मागून पाहा आणि आताचा प्रवास भारतीय पासपोर्ट व ग्रीन कार्डावर उरकून या. मात्र शपथेच्या दिवशी एन-४४५ नावाचा कागद भरून द्यायचा असतो. मुलाखतीनंतर देशाबाहेर गेला होतात का, असा प्रश्न त्यावर असतो. तिथे लग्नाची फेरी लिहा.