बाणाला टोक जोडतात, लावतात की बसवतात?

प्रश्न असा आहे. धनुर्विद्येवरच्या मजकुराचा अनुवाद करताना एका वाचकाने वाक्य लिहिले: 'त्याने हाताने घडवलेली लोखंडी टोके लाकडी बाणांना जोडली.' वाक्य बरोबर असूनही कानाला खटकते, असे त्यांचे म्हणणे. 'जोडली'च्या जागी काय घालावे, आणि 'टोक' याहून नेमका शब्द आहे का?

आधी क्रियापद, कारण खरी गोची तिथेच आहे. बाणाच्या बाबतीत जोडणे, लावणे, चढवणे ही तिन्ही क्रियापदे आधीच दुसऱ्या कामाला लागलेली आहेत. धनुष्याला बाण जोडतात, लावतात, चढवतात, म्हणजे नेम धरण्याआधी तो दोरीवर घेतात. त्यामुळे 'बाणांना जोडली' म्हटले की वाचक क्षणभर धनुष्य शोधू लागतो. लोखंड आणि लाकूड एकत्र आणायचे तर आपल्याकडे रोजचे क्रियापद 'बसवणे' हेच. कुऱ्हाडीला दांडा बसवतात, विळ्याला मूठ बसवतात, मुसळाला वसवी बसवतात. न हलण्याइतके घट्ट होणे या क्रियापदात आपोआप येते. 'लावणे'त ते येत नाही.

पण मूळ मजकुरात टोक कोणत्या जातीचे आहे ते पाहिल्याशिवाय क्रियापद पक्के करू नका. जाती मुख्यतः दोन.

पहिली पोकळ बुडाची. पातळ पत्र्याचा पंख्यासारखा तुकडा कापायचा, सळईभोवती ठोकून त्याची निमुळती नळी करायची. शिवण उघडी राहिली तरी चालते. मग बाणाच्या काडीचे टोक तासून त्याच उताराचे करायचे, त्याला गरम लाख किंवा सरस लावून नळी पिळत पिळत दाबायची. भरवसा नसेल तर आडवी एक चूक मारायची. (चूक म्हणजे सुताराच्या पेटीतला बारीक खिळा. अनुवादात हा शब्द वापरलात तर मुद्रितशोधकाला आधी सांगून ठेवा.) इथे लोखंड बाहेर आणि लाकूड आत, म्हणून 'काडीवर टोक चढवले' हेही छान मराठी आहे, काठीला शेंबी चढवतात तसेच. फक्त 'बाणावर चढवले' न म्हणता 'काडीवर' म्हणा, म्हणजे धनुष्याचा घोटाळा टळतो. मध्ययुगीन इंग्लंडमधल्या लांब धनुष्यांच्या लाकडी बाणांना बहुधा अशीच टोके असत.

दुसरी जात शेपटीची. पात्याच्या मागे बारीक शेपूट काढलेले असते आणि ते काडीत जाते. इराणी आणि हिंदुस्थानी बाण बहुधा बोरूचे, आतून पोकळ. तिथे हीच पद्धत सोयीची. पण शेपूट दाबले की बोरू उलतो. म्हणून बाहेरून तातीचे (जनावराच्या स्नायूच्या धाग्याचे) किंवा दोऱ्याचे वेढे आवळून त्यावर सरस फिरवतात. इथे 'चढवणे' साफ चुकीचे. 'शेपूट काडीत खुपसून वरून दोरा आवळला' असे लिहा. किंवा सरळ 'बसवले'.

आता नाम. 'टोक' मला चालते. पाते चपटे असेल तर 'पाते' अधिक बरे. संस्कृतात 'फल' म्हणजे हत्याराचे पाते, पण आज 'बाणाला फळ लावले' असे लिहिलेत तर वाचक झाडाखाली जाऊन उभा राहील. 'बाणाग्र' हा संग्रहालयातल्या पाटीचा शब्द, कथेत नको.

मग 'शल्य'? मनात सलणारे ते शल्य आपल्याला माहीत आहे, पण मुळात ते बाणाचे टोक. बाण ओढला की काडी निघून येते आणि टोक अंगात राहते. ते काढण्याची विद्या ती शल्यचिकित्सा. सुश्रुताने आल्या वाटेने उलट ओढून काढणे आणि पुढे ढकलून दुसऱ्या बाजूने काढणे असे दोन्ही प्रकार सांगितले आहेत. शरीरात रुतणाऱ्या इतर वस्तूंनाही तो शल्यच म्हणतो. जखमेचा प्रसंग असेल तर हा शब्द शोभेल, लोहाराच्या भात्याजवळ मात्र तो जड होतो.

तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगण्याचा मोह आवरत नाही: काडी आणि टोक मिळतात त्या मानेला वैदिक भाषेत स्वतंत्र शब्द होता, 'कुल्मल'. अथर्ववेदाच्या तिसऱ्या कांडात कामाच्या बाणाचे वर्णन आहे, 'आधीपर्णां कामशल्यामिषुं संकल्पकुल्मलाम्'. तळमळ ही त्याची पिसे, काम हे टोक आणि दोघांना धरून ठेवणारी मान म्हणजे संकल्प. बाण करणाऱ्याच्या हाताखालचा शब्द कवीने उचललेला दिसतो. मराठीत तो उतरला नाही. तिथे 'सांधा' म्हणा.

एक इशारा. मजकूर मराठेशाहीतला असेल तर 'बाण' शब्दच जपून वापरा. त्या काळच्या कागदांत बाण म्हणजे अनेकदा दारू भरून उडवायचा अग्निबाण, नळी बांबूला बांधलेला. धनुष्याचा असेल तर 'तीर' लिहा. तीरंदाज, तीरकमान आपल्याकडे रुळलेले आहेतच, आणि खानदेशात तिरकामठा.

तुमचे वाक्य मी असे करीन: 'टोके त्याने घरीच घडवली होती. एकेक काडी तासून त्याने ती लाखेने पक्की बसवली.' नळीची टोके असतील तर 'बसवली'च्या जागी 'चढवली'.