नवीन डोमेन एक्सटेन्शन (वेबसाइटच्या नावाचा .शॉप, .इन असा शेवट) येण्याआधीच प्री-रजिस्ट्रेशन केलं तर हवं ते नाव नक्की मिळतं का? कोणत्या रजिस्ट्रारकडे (नावं विकणाऱ्या कंपनीकडे) करावं?

नाही मिळत. प्री-रजिस्ट्रेशन म्हणजे बुकिंग नव्हे. विक्री सुरू झाली की तुमच्या वतीने लगेच विनंती पाठवतो, एवढंच रजिस्ट्रार कबूल करतो. तेच नाव इतर रजिस्ट्रारांकडेही कुणी ना कुणी टाकलेलं असतं. ज्याची विनंती रजिस्ट्रीकडे, म्हणजे ते एक्सटेन्शन चालवणाऱ्या मूळ कंपनीकडे, आधी पोचली, त्याचं नाव. एकाच रजिस्ट्रारकडे दोघांनी मागितलं तर काही रजिस्ट्रार त्या दोघांत लिलाव लावतात. आणि हे सगळं, नाव मुळात साध्या भावात विक्रीला असेल तर.

मी संभाजीनगरात दुकानदारांना वेबसाइट करून देतो. पैठणचे एक साडीवाले काका आहेत, घरात दोन पिढ्यांचे माग. त्यांच्यासाठी एका नव्या एक्सटेन्शनमध्ये नुसतं ‘पैठणी’ हे नाव घ्यायचं ठरलं. प्री-रजिस्ट्रेशन केलं, पैसे भरले, ‘अभिनंदन, आपली नोंद झाली आहे’ असा मेल आला. काकांनी तो छापून गल्ल्यामागे लावला. विक्री आपल्या रात्री साडेनऊला सुरू होणार होती. रजिस्ट्रारवर भरवसा नको म्हणून मी दुसऱ्याच्या साइटवरही कार्ट भरून बसलो. इन्व्हर्टर चालू, मोबाइलचा हॉटस्पॉट तयार, कार्डावर परदेशी व्यवहार सकाळीच चालू करून ठेवलेला. (हे विसरू नका. नव्या कार्डांवर तो बंदच असतो, आणि ऐनवेळी बँकेचं ॲप उघडत नाही.)

साडेनऊला पान रिफ्रेश केलं. नावासमोर पिवळी पट्टी: प्रीमियम. पुढे डॉलरमध्ये आकडा, त्याखाली बारीक अक्षरात ‘दरवर्षी’. म्हणजे नाव कुणी पळवलंच नव्हतं. रजिस्ट्रीने ते चढ्या भावाने विकायला आधीच बाजूला काढून ठेवलं होतं. सकाळी काकांचा फोन.

“कुणाच्या नावावर गेलं हो आपलं पैठणी?”

“कुणाच्याच नाही. कंपनीनेच ठेवून घेतलंय.”

“मग विकायला काढलं कशाला?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. भरलेले पैसे खात्यावर परत न येता रजिस्ट्रारच्या वॉलेटमध्ये जमा झाले, हे सांगायला मी स्वतः पैठणला गेलो.

आता साडूंबद्दल. आमचे थोरले साडू पुण्याला, हिंजवडीत. गंगाखेडला बारशाच्या पंगतीत, सासरेबुवांच्या देखत म्हणाले, “याचं नेट स्लो, म्हणून नाव गेलं. ही कामं मराठवाड्यात बसून होत नसतात.” तेव्हा ताटावर होतो, गप्प बसलो. आता सांगतो.

साडूभाऊ, साडेनऊ ही शेवटची पंगत होती. तिच्याआधी सनराइज असतं: ट्रेडमार्क क्लिअरिंगहाउस या ट्रेडमार्कच्या जागतिक नोंदवहीत नाव असलेल्यांसाठी, निदान ३० दिवस. मग बऱ्याच एक्सटेन्शनमध्ये अर्ली ॲक्सेस, म्हणजे जादा पैसे मोजून इतरांच्या आधी नाव घ्यायचे दिवस. त्यात भाव रोज उतरतो, पण पहिल्या दिवशी दहा हजार डॉलरच्या वरही असतो. मग आपण. आणि चांगली नावं प्रीमियम यादीत काढून ठेवलेली. हिंजवडीतल्या फायबरने यातलं काय बदललं असतं?

रजिस्ट्री तरी काय करणार म्हणा. नवं एक्सटेन्शन चालवायला मिळावं म्हणून आयकॅन या संस्थेकडे अर्ज करावा लागतो. २०१२ च्या फेरीत नुसती त्या अर्जाची फी १,८५,००० डॉलर होती, तरी १,९३० अर्ज आले. २०२६ च्या फेरीत ती २,२७,००० आहे. एकाच एक्सटेन्शनवर अनेकांचा डोळा असला की लिलाव; .शॉप २०१६ मध्ये ४ कोटी १५ लाख डॉलरला गेलं. तो पैसा पैठणच्या काकांकडूनच वसूल होणार.

तेव्हा तुम्ही एवढं करा. पैसे भरण्याआधी चॅटवर लेखी विचारा: नाव प्रीमियम यादीत आहे का, आणि दुसऱ्या वर्षी किती? काही ठिकाणी पहिल्याच वर्षी जास्त घेतात, काही ठिकाणी कायम. नव्या एक्सटेन्शनमध्ये रिन्यूअलच्या दराला वरची मर्यादा नाही. रजिस्ट्रीने दर वाढवताना रजिस्ट्रारांना १८० दिवस आधी कळवायचं, एवढंच बंधन. त्या मुदतीत जुन्या दराने पुढची वर्षं भरून ठेवता येतात, एकूण १० वर्षांपर्यंत. ते भरून टाकावं.

रजिस्ट्रारचं नाव सांगत नाही, मला कुणाची जाहिरात करायची नाही. रिन्यूअलचा आकडा कार्टमध्येच दाखवतो त्याच्याकडे जा. पैसे परत म्हणजे वॉलेटमध्ये की बँकेत, हेही आधीच विचारा.

एक राहिलं. तुमचं नाव मनाने जुळवलेलं असेल, आडनाव अधिक गाव अशा थाटाचं, तर ही धावपळ नको. प्री-रजिस्ट्रेशनही नको. विक्री सुरू झाल्यावर जेवून-खाऊन सावकाश घ्या. काकांचं आम्ही शेवटी तसंच केलं, साध्या .इन वर, आणि दिवाळीत ऑर्डरी त्यावरच आल्या. साडूंनी मात्र स्वतःच्या क्लासेससाठी शंभराच्या आत घेतलेलं झकास नाव दुसऱ्या वर्षी हजारांतलं बिल बघून सोडून दिलं. ते पंगतीत कुणी काढलं नाही.