मराठीतून पदवी : हक्क नेमका कशाचा?

प्रश्न : आमची संस्था बेळगावात मराठी शाळा चालवते. आता मराठी माध्यमाचं पदवी महाविद्यालय काढायचं घाटतंय. भाषिक अल्पसंख्याक म्हणून घटनेनं तो हक्क दिलाय ना? (एक विश्वस्त)

उत्तर : महाविद्यालय काढायचा आणि चालवायचा हक्क आहे, कलम ३०(१) नुसार. पदवी देण्याचा नाही. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याचं कलम २२ त्याआड येतं : पदवी देणं विद्यापीठांच्या हाती, म्हणून एखाद्या विद्यापीठाची संलग्नता, म्हणजे त्याच्याशी जोडून घेणं, भागच पडतं. घोडं अडतं ते तिथंच. अर्जात मातृभाषेतून शिक्षणाचं कलम ३५०अ घालू नका. ते प्राथमिक शिक्षणापुरतंच आहे.

तुमच्या कामाचा निकाल १९७१ चा, भटिंड्याच्या डी.ए.व्ही. कॉलेजचा. पंजाबी विद्यापीठानं संलग्न महाविद्यालयांत शिकवणं आणि परीक्षा दोन्ही फक्त पंजाबीतून, गुरुमुखी लिपीत, असा आदेश काढला. त्या टापूतल्या महाविद्यालयांना दुसऱ्या विद्यापीठाकडे जायची सोयच नव्हती. सुप्रीम कोर्टानं आदेश रद्द केला. सक्तीची संलग्नता आणि एकमेव माध्यम, या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणून तो टिकला नाही, हे नीट लक्षात घ्या. गुरू नानक विद्यापीठाच्या कायद्याविरुद्धच्या त्याच वर्षीच्या खटल्यात पंजाबीच्या अभ्यासाला उत्तेजन देणारी तरतूद वैध ठरली. म्हणजे 'विद्यापीठ कन्नडला प्राधान्य देतं' एवढ्या तक्रारीवर खटला उभा राहत नाही.

गुजरात विद्यापीठाचा १९६२ चा निकालही लोक पुढे करतात. त्यातला विद्यार्थी शालान्त परीक्षा मराठीतून दिलेला, पण त्याला हवी होती इंग्रजीची तुकडी. विद्यापीठाला एकच माध्यम लादता येत नाही, असं कोर्टानं म्हटलं खरं. पण भर होता केंद्र आणि राज्य यांच्या अधिकारांवर. तुमची बाजू केवळ त्यावर पेलणार नाही.

आता कागदपत्रं. सुप्रीम कोर्टाच्या २००२ च्या टी.एम.ए. पै निकालानुसार अल्पसंख्याकत्व राज्यनिहाय ठरतं, त्यामुळे कर्नाटकात मराठी भाषिक अल्पसंख्याक. भाषिक दर्जासाठी राज्य सरकारकडेच जा. दिल्लीचा राष्ट्रीय अल्पसंख्याक शैक्षणिक संस्था आयोग धार्मिक अल्पसंख्याकांसाठी आहे, तिथं महिने फुकट जातील. न्यासपत्राच्या उद्दिष्टांत 'मराठी भाषिकांसाठी' असे स्पष्ट शब्द हवेत. नसतील तर आधी दुरुस्ती करून घ्या.

आणि संलग्नतेच्या अर्जाआधी विद्यापीठाकडून एक गोष्ट लेखी मागा : उत्तरपत्रिका कोणत्या भाषेत लिहिता येईल, आणि मराठी परीक्षक कोण देणार? हे न विचारता वर्ग सुरू केले तर तीन वर्षं मराठीतून शिकलेली मुलं परीक्षेत दुसऱ्याच भाषेत लिहायला बसतील, आणि तोटा फक्त त्यांचाच होईल.